वाघजाईने वर, सवाष्णीने खाली

रोह्याला खेटून असलेल्या आमच्या वरसे गावात कुणी डोंगराचा विषय काढला की पहिलं नाव निघतं ते अवचितगडाचं. मेढ्याकडून वाट आहे, पिंगळसईकडून आहे, पडमकडूनही आहे. जंगल दाट, चढ बेताचा, आणि सकाळी लवकर निघालेला माणूस दुपारी जेवायला घरी परत येतो. या गडाची खरी दौलत मात्र तटावरून पूर्वेकडे बघताना हाती लागते. पाऊस सरून हवा स्वच्छ झाली की कुंडलिकेच्या खोऱ्यापलीकडे सह्याद्रीची भिंत उभी दिसते. सरसगड, मग सुधागडाचा लांबट माथा, त्याच्या पाठीशी तैलबैलाच्या दोन ताशीव भिंती, आणि त्या बाजूने कोकणात उतरणारा सवाष्णीचा घाट.

हा लेख त्या घाटाबद्दल आणि त्याच्या शेजारच्या वाघजाई घाटाबद्दल आहे. ठाणाळ्याहून वाघजाईने वर चढायचं, तैलबैलाच्या पठारावर दुपारचं जेवण करायचं आणि सवाष्णीने धोंडशाच्या बाजूला उतरायचं, असा एका दिवसाचा फेरा सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यात दिवसभर चालण्यासारखं याहून सुंदर काही असेल असं मला वाटत नाही. आणि सहज म्हणून, टोळकं जमवून, जाण्यासारखी ही जागा नाही हेही तितकंच खरं.

आकड्यांवर गेलं तर वाट किरकोळ वाटेल. आमच्याकडची मुलं आता हिमाचलात सारपासला जाऊन येतात. ती खिंड ४,००० मीटरच्या वर आहे. तैलबैलाचा अगदी माथा धरला तरी तो १,००० मीटरच्या आसपास, आणि घाटाचं तोंड त्याहून बरंच खाली. पण तिकडे वाट दाखवायला, तंबू ठोकायला, चहा करायला माणसं असतात. इथे कोकणाच्या सपाटीवरून पाच-सहाशे मीटर उठायचं ते आपल्याच पायांनी आणि आपल्याच जबाबदारीवर. त्यात काही ठिकाणी पाऊल ठेवायला वीतभर जागा, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला फक्त हवा. सह्याद्रीत भटकणारे या प्रकाराला दृष्टिभय म्हणतात. पायांत ताकद आहे, दम आहे, तरीही डोळे दरीत गेले की गुडघ्यातून बळ जातं. व्यायामशाळेत वर्षं घालवलेल्या तरुणांना मी अशा जागी खाली बसलेलं पाहिलं आहे.

अशा जागा का असतात त्याचं उत्तर डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एकावर एक थर साचत गेले. कठीण थर होता तिथे कडा उभा राहिला आणि ठिसूळ थर होता तिथे झिजून सपाटी झाली. त्या सपाटीला आपण पदर म्हणतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत कडा, पदर, पुन्हा कडा असा हा जिना आहे. कड्यात कुठेतरी फट असते, नाळ असते, नाहीतर एखादी सोंड खाली उतरलेली असते. तिथूनच चढता येतं. अडचण अशी की खालच्या कड्यातली फट आणि वरच्या कड्यातली फट एका रेषेत नसतात. म्हणून एक कडा चढून झाला की पदराच्या काठाने आडवं जायचं, पुढची फट सापडेपर्यंत. घाटवाटेवरची भीतीची जागा बहुतेक वेळा उभ्या चढात नसते, ती या आडव्या चालीत असते. चढताना तोंड डोंगराकडे असतं. आडवं जाताना अर्धी नजर दरीतच असते.

वरश्याहून निघायचं तर अंधारात निघावं लागतं. कोलाड, वाकण, पाली, नाडसूर, ठाणाळे. लवकर निघण्याचं कारण नुसतं अंतर नाही. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य डोंगराच्या मागून उगवतो, त्यामुळे सकाळचे कितीतरी तास ही सगळी भिंत सावलीत असते. उजाडता उजाडता पायथा सोडला तर अर्धा-अधिक चढ सावलीत होतो. नऊनंतर निघालेल्या माणसाला मात्र तोच कातळ दुपारी वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतो. या वाटांवर माणसं जायबंदी होतात ती पाय घसरून, आणि पाय घसरतो तो पुष्कळदा उन्हाने आणि पाणी संपल्याने डोकं ठिकाणावर न राहिल्यामुळे. माणशी चार लिटर पाणी, निदान एवढं तरी पाठीवर हवं. मार्चनंतर ओढे आटलेले असतात.

ठाणाळ्यातून आमच्याबरोबर एक मामा आले होते. साठीच्या पुढचे, पायात साध्या रबरी चपला, हातात कोयता. लहानपणी बापाबरोबर ते या वाटेने घाटावर गुरं घेऊन जात. त्यांनी आमच्या बुटांकडे बघितलं, पाठीवरच्या पिशव्यांकडे बघितलं, आणि फक्त पाणी किती घेतलं ते विचारलं.

वाट ओढ्याच्या कडेने रानात शिरते. ऐन, किंजळ, हिरडा, मधेच एखादा प्रचंड आंबा. शीळकरी कस्तुराची शीळ एका बाजूने येते आणि पक्षी दुसरीकडेच दिसतो. या रानातूनच एक फाटा लेण्यांकडे जातो. ठाणाळ्याची २३ लेणी कड्याच्या पोटात आहेत, इसवी सनाच्या सुमाराची किंवा त्याच्याही आधीची. एक चैत्यगृह, स्मारकस्तूपांचा एक समूह आणि बाकीचे विहार. एका मोठ्या विहारात चैत्यकमानींचं कोरीवकाम आहे. तिथे थोडा वेळ थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. १८९० साली अॅबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यामुळे ही लेणी अभ्यासकांच्या नजरेस आली आणि लगोलग हेन्री कझिन्सने नाडसूर-खडसांबळ्याच्या लेण्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ठाणाळ्याच्या माणसांना ती अर्थातच आधीपासून माहीत होती.

आज ज्या रानात वाट शोधावी लागते तिथे दोन हजार वर्षांपूर्वी इतका खर्च करून भिक्षूंसाठी घरं का कोरली, हा प्रश्न लेण्यात बसल्यावर पडतोच. उत्तर नकाशात आहे. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि चौल. चौल हे पुरातन बंदर, ग्रीक दर्यावर्दीसुद्धा त्याचं नाव घेतात. भरतीच्या पाण्यावर गलबतं खाडीने आत रोह्यापर्यंत येत. तिथून पुढे माल बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. कुंडलिका आणि अंबा या दोन नद्यांच्या खोऱ्यांतून सह्याद्रीला भिडायचं, घाट चढायचा आणि देशावरच्या बाजारपेठा गाठायच्या. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जाणार, धान्य खाली येणार. घाटाच्या अर्ध्यावर लेणी म्हणजे दमलेल्या तांड्याला निवारा, आणि भिक्षूंना दान. आमचं रोहे, आमचं वरसे या वाटेवरचा एक टप्पा होतं. घाटवाट म्हटली की आपल्याला साहस आठवतं. त्या काळच्या माणसांचा तो रोजगार होता.

लेण्यांवरून मूळ वाटेला लागलो की चढ तापतो. कारवीचं रान सुरू होतं. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलल्यावर मरते. तिच्या वाळक्या काठ्यांच्या भिंती सावंतवाडीपासून मुरबाडपर्यंत अनेक घरांनी वापरल्या आहेत. या रानात वाट बोगद्यासारखी होते, दोन पावलांवरचा माणूस दिसत नाही. आणि एकदम कारवी संपते, आणि समोर उघडा उतार.

तीच ती आडवी चाल. लांबी फार नाही, शंभरेक पावलं असतील. वर काळा कातळ, खाली पिवळट गवताचा तीव्र उतार, आणि तो उतार जिथे संपतो तिथून पुढे काय आहे ते दिसत नाही, कारण पुढे कडा तुटलेला आहे. खूप खाली ठाणाळ्याची कौलं. पायवाट म्हणावी अशी रेघ आहे, पण तिच्यावर मुरूम पसरलेला, ज्वारीच्या दाण्यांसारखा गोल आणि सुटा. बूट टेकवला की दाणे पायाखालून वाहायला लागतात. बरोबरच्या एका मुलाने वरच्या अंगाचं गवत मुठीत धरलं. मामा मागे न वळताच म्हणाले, "गवताला हात नको लावू. उपटून येतंय. कारवीचं बूड धर, नाय सापडलं तर कायच धरू नको, सरळ उभा रहा."

सरळ उभं राहणं, या तीन शब्दांत त्या जागेचं सगळं तंत्र आहे. भीती वाटली की शरीर आपोआप डोंगराकडे झुकतं. झुकलं की वजन पायाच्या कडेवर जातं, आणि मुरुमावर कडेने टेकलेला पाय हमखास सुटतो. वजन तळव्यावर सपाट राहिलं तर तोच मुरूम धरून ठेवतो. हे कळायला सोपं आहे, करायला फार अवघड, कारण उजवीकडे हजार फूट रिकामं असताना ताठ उभं राहायला मन तयार नसतं. मामा पुढे कोयत्याच्या टोकाने मुरूम उकरत होते आणि एकेक पावठी, म्हणजे पाय रोवायची खोबण, मोकळी करत होते. मुरुमाखाली खडकात जुनी पावठी निघाली की थांबून ती पायाने दाबून बघायचे. आमच्यातल्या एकाचे पाय मध्यावर थरथरायला लागले. मामा परत आले, त्याच्या दरीकडच्या अंगाला, माझ्या मते जिथे उभं राहायला जागाच नव्हती तिथे उभे राहिले, आणि म्हणाले, "आता माझ्याशी बोल. गाव कुठलं तुझं?" तो वरसे म्हणाला. "मग धावीर महाराजांच्या पालखीला असतोस का?" असतो म्हणाला. पालखीला पोलिसांची सलामी कशी होते ते मामांनी विचारलं, तो सांगायला लागला, आणि सांगता सांगता पलीकडे गेला.

वाघजाईचं ठाणं त्यानंतर येतं. घाटाच्या देवीचं ठाणं बहुतेक घाटांत असतं आणि ते नेमकं अशा जागी असतं जिथे दमलेल्या माणसाने बसावं, मागच्यांची वाट बघावी, मोजदाद करावी. मामांनी चपला काढल्या, देवीपुढे नारळ वाढवला आणि खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले. वाघाच्या रानातून जाणाऱ्याने वाघाच्या देवीला सांगून जायचं, ही रीत मला फार समजूतदार वाटते. जिथे आपलं काही चालत नाही तिथे ते कबूल करून पुढे जाणं हे चालणाऱ्याला सावध ठेवतं.

ठाण्यावरून वरची चढण खड्या नाळेची आहे, पण तिथे दोन्ही बाजूंना भिंती असल्याने मनाला धीर असतो. भीती दगड सुटण्याची. पुढच्याने दगड पाडला तर ओरडायचं, आणि नाळेत कुणी कुणाच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, एवढा नियम पुरतो. मग एकाएकी वारा लागतो आणि पठार येतं. समोर तैलबैलाच्या भिंती. खाली अवचितगडावरून ज्या दोन रेघा दिसतात त्या इथे आकाश अडवून उभ्या असतात. तैलबैला गावात आधी सांगितलं तर घरगुती जेवण मिळतं. भाकरी, पिठलं, भात. त्या जेवणाबद्दल लिहीत बसलो तर लेख तिथेच संपेल.

पठारावरून उत्तरेच्या दिशेला कोराईगड, लोणावळ्याचा मुलूख. त्या बाजूने कुरवंडे घाटातून मोगल सरदार कारतलबखान आपली फौज घेऊन कोकणात उतरत होता, १६६१ च्या फेब्रुवारीत. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठलं. संख्येने कितीतरी मोठी फौज अरुंद वाटेत लांबच लांब ताणली गेली, पुढे वाट बंद, मागे वाट बंद, दोन्ही अंगांना रान आणि त्यात मावळे. पाण्यावाचून घसा कोरडा पडलेल्या त्या फौजेचं वर्णन कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात आहे. खानाबरोबर असलेल्या रायबाघनने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खान खंडणी देऊन सुटला. मी हा प्रसंग लहानपणी शाळेत वाचला होता. या घाटांत एकदा चालल्यावर तो कळला. हत्यारं कितीही असोत, एकामागे एक चालावं लागणाऱ्या वाटेवर लढायला मिळतो तो फक्त पुढचा माणूस. वाटा ज्यांच्या पायाखालच्या होत्या ते जिंकले.

दुपारी अडीच-तीनला सवाष्णीची वाट धरावी, त्याहून उशीर करू नये. आता सूर्य समोर आलेला असतो. सकाळी ज्या भिंतीने सावली दिली ती आता तापलेली, आणि डोळ्यांवर तिरीप. उतार घसाऱ्याचा. चढताना दम लागतो पण पाय खात्रीचे असतात, उतरताना उलट. काही ठिकाणी बूड टेकून उतरावं लागतं, त्यात कमीपणा वाटून घेऊ नये. सुधागडाचे कडे जवळ येत जातात. हा पूर्वीचा भोरप. महाराजांनी घेतल्यावर सुधागड झाला आणि संस्थानं विलीन होईपर्यंत भोरच्या पंतसचिवांकडे राहिला. खाली धोंडशाला औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये येऊन राहिला होता. हिंदुस्थानच्या तख्तावर डोळा असलेल्या शहजाद्याला आसरा मिळाला तो या कोपऱ्यात. दिल्लीची फौज इथे सुखाने येऊ शकत नाही हे तोही जाणून असणार.

मग या वाटा मेल्या कशा? शत्रूने मारल्या नाहीत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. जिथे बैलाच्या पाठीवर गोणी जात होती तिथे बैलगाडी जाऊ लागली. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी सुरू झाली. त्यानंतर पाठीवर मिठाचं ओझं घेऊन वाघजाई कोण चढणार? पुढच्या शतकात मुळशी धरणाचं पाणी नळांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरलं आणि कुंडलिकेत आलं. जमिनी बुडताना सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. आज कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. देशावरचं पाणी कोकणात उतरायची वाट पक्की झाली, माणसाची वाट मोडली. राहिली ती गुराख्यांची, लग्नाच्या सोयरिकीची, देवीच्या नवसाची ये-जा. तीही माझ्या डोळ्यांदेखत आटली. मामांचा मुलगा धाटावच्या एमआयडीसीत कामाला जातो. त्याला लेण्यांपर्यंतची वाट येते, पुढची येत नाही.

हे हळहळण्यासाठी सांगत नाही. मुलाला पगार आहे, चांगलं आहे. पण त्या शंभर पावलांच्या आडवीवर मला जे दृष्टिभय वाटलं ते सगळं डोंगराचं नव्हतं. रोज माणसं आणि गुरं चालत होती तेव्हा तिथे मुरूम ठरत नव्हता. पावठ्या मोकळ्या राहत, पावसात खचलेला काठ कुणीतरी चार दगड रचून बांधून काढी. कोकणच्या कड्यावरचा पाऊस साधा नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात डोंगर घरांवर आले, २०२१ मध्ये तळिये गेलं, २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. असा पाऊस दरवर्षी थोडा थोडा डोंगर खाली आणतो, आणि ज्या वाटेला रोज पाय लागत नाहीत ती वाट तो आधी नेतो. म्हणजे वाट अवघड आहे म्हणून लोक जात नाहीत हे अर्धंच खरं. लोक जात नाहीत म्हणून ती एवढी अवघड झाली आहे.

स्वित्झर्लंडमध्ये पर्वतवाटांना टी-१ ते टी-६ अशा श्रेणी आहेत. कोणत्या वाटेवर नुसतं चालायचं आहे आणि कुठे हातांचा वापर लागेल, तोल लागेल, हे निघायच्या आधी कळतं. आणि वाटेच्या खुणांचे रंगही अवघडपणानुसार बदलतात. आपल्याकडे पायथ्याच्या गावात देवळाचा फलक असतो, योजनेचा फलक असतो, वाटेबद्दल ओळ नसते. मुलं मोबाइलवर कुणाचा तरी फोटो बघून येतात. त्या फोटोत भिंत दिसते, आडवी दिसत नाही. अडकलेल्यांना काढायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था रात्रीबेरात्री दोर घेऊन धावतात, राज्यभरातली बचावपथकं जोडणारी समन्वय यंत्रणाही गिर्यारोहकांनीच उभी केली. ही सगळी माणसं आपला कामधंदा सांभाळून हे करतात. त्यांच्यावर ती वेळ आणायची नाही, एवढं तरी निघणाऱ्याने मनाशी धरावं. गावातला वाटाड्या घ्यावा, त्याला त्याच्या दिवसाची रास्त मजुरी द्यावी, आणि त्याने मागे फिरायला सांगितलं तर वाद न घालता फिरावं. पावसाळ्यात या दोन्ही घाटांना जाऊच नये.

माझं मागणं याहून थोडं पुढचं आहे. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, गावरस्ते त्यातून झाले. घाटवाटेची दरसाल डागडुजी त्यात का बसू नये? सिमेंटच्या पायऱ्या नकोत, लोखंडी कठडे तर मुळीच नकोत. मुरूम उकरायचा, पावठ्या मोकळ्या करायच्या, खचलेल्या काठाला सुक्या दगडांची बांधणी, आणि वाटेवर आलेली कारवी वनखात्याच्या परवानगीने बाजूला. मामांच्या हिशेबाने वाघजाईपर्यंतचं काम चार माणसांचं आणि आठवड्याचं आहे. ते कार्तिकात व्हायला हवं, गवत वाळून निसरडं व्हायच्या आत आणि वणवे लागायच्या आधी. ठाणाळ्यातल्या दोन-तीन तरुणांनी मामांबरोबर वाट शिकायची तयारी दाखवली आहे, परवानगीचा अर्ज लिहून झाला आहे. तुळशीचं लग्न आटोपलं की वरश्याहून आम्ही काही जण फावडी घेऊन तिकडे जाणार आहोत.